यादीपूर्वीचा अपूर्णविराम आणि यादीतील इतर विरामचिन्हे

अमळनेर तालुक्यातील एका ग्रामपंचायतीत संगणकावर लिखापढीचे काम करणाऱ्या ताईंनी विचारले आहे की, सूचना, ठराव आणि कागदपत्रांच्या याद्या लिहिताना यादीच्या आधी नुसती दोन टिंबे द्यावीत, टिंबांपुढे आडवी रेघ ओढावी की काहीच देऊ नये. शब्द आणि टिंबे यांच्यात जागा सोडावी का. आणि प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी पूर्णविराम हवा का. सोबत त्यांनी स्वतः टंकलेल्या एका सूचनेतील मजकूर दिला आहे. तो जसाच्या तसा असा :

“ग्रामसभेत पुढील विषय:- १.मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. २.पाणीपट्टी वसुली, ३.घरकुलाच्या यादीस मंजुरी देण्याबाबत. ४.गावातील नाले साफसफाई आणि इ. विषयांवर चर्चा करण्यात येईल.”

मी जळगावात २८ वर्षे मुद्रितशोधन करतो आहे. लग्नपत्रिकांपासून पतसंस्थांच्या वार्षिक अहवालांपर्यंत जे हाताखालून गेले, त्यात सर्वांत जास्त लाल शाई याद्यांवर खर्च झाली असेल. त्यामुळे हा नमुना पाहून मला मुळीच नवल वाटले नाही. असेच लिहिण्याची पद्धत पडून गेली आहे.

दोन टिंबांच्या या चिन्हाला शालेय व्याकरणात अपूर्णविराम म्हणतात आणि त्याचे काम त्याच्या नावातच आले आहे : वाक्याची रचना पुरी झाली आहे, सांगायचे मात्र अजून उरले आहे. म्हणून तो द्यावा की नाही हे ठरवताना यादीकडे पाहू नये, यादीच्या आधीच्या शब्दांकडे पाहावे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, हा आपल्या हातातला सर्वांत सोपा मापदंड आहे. क्रियापद यादीच्या आधी येऊन गेले असेल, तर वाक्य पुरे झाले. तिथे अपूर्णविराम द्यावा. क्रियापद यादीच्या नंतर येणार असेल, तर यादी वाक्याच्या पोटात आहे. तिथे अपूर्णविराम दिला की वाक्याचे दोन तुकडे होतात आणि शेवटचे क्रियापद पोरके होते.

भरिताचेच घ्या. “भरितासाठी पुढील वस्तू आणाव्यात : वांगी, हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे.” येथे “आणाव्यात” हे क्रियापद यादीच्या आधी आले, म्हणून टिंबे योग्य. “भरितासाठी वांगी, हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे आणावेत.” येथे क्रियापद शेवटी आहे, म्हणून टिंबांना जागाच नाही. चूक होते ती या दोहोंची सरमिसळ केल्यावर : “भरितासाठी : वांगी, हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे आणावेत.” इंग्रजीत क्रियापद आधीच येऊन गेलेले असते आणि यादी बहुधा वाक्याच्या शेपटाला लागते, त्यामुळे इंग्रजी नमुन्यांवरून मराठीत उतरवलेल्या अर्जांमध्ये ही सरमिसळ हटकून सापडते.

ताईंच्या नमुन्यात नेमके हेच घडले आहे. “ग्रामसभेत पुढील विषय” हे वाक्य नव्हे, वाक्याची सुरुवात आहे. तिथे टिंबे आणि रेघ देऊन वाचणाऱ्याला थांबवले, चार विषय सांगितले, मध्ये दोनदा पूर्णविराम दिला आणि मग “विषयांवर चर्चा करण्यात येईल” हे शेपूट जोडले. “विषय” हा शब्द दोनदा आला तोही याच कारणाने : लिहिणाऱ्याला वाक्य कुठून सुरू झाले होते याचा मधल्या गर्दीत विसर पडला.

मथळ्यासारख्या शब्दांपुढचा अपूर्णविराम मात्र वेगळा समजावा. “विषय :”, “स्थळ :”, “दिनांक :”, “सोबत जोडलेली कागदपत्रे :” यांत क्रियापद नसते, कारण ही वाक्ये नाहीतच. ती नावाची पाटी आहे आणि पुढचा मजकूर त्या पाटीखालचा आहे. असा वापर पूर्णपणे योग्य आहे, फक्त पाटी लावली की पुढे क्रियापद जोडू नये. “सोबत जोडलेली कागदपत्रे : सातबारा उतारा, ८-अ उतारा, आधार कार्डाची प्रत जोडली आहे” असे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी दुरुस्त करतो. “जोडली आहे” खोडले की काम होते.

यादी वाक्याच्या पोटात ठेवायची असेल, तर मराठीची स्वतःची एक सोय आहे आणि ती हल्ली विसरली जाते. यादीतील शेवटच्या शब्दालाच विभक्तीचा प्रत्यय चिकटवून “केळी, कापूस आणि मक्याला विमा मिळेल” असे लिहिले, की प्रत्यय एकट्या मक्याला लागल्यासारखा वाटतो. याऐवजी “केळी, कापूस आणि मका या पिकांना विमा मिळेल” असे लिहावे. “या पिकांना”, “यांचा”, “यांपैकी”, “येथे” हे शब्द यादीला मागून बांधून घेतात. पुढून बांधण्यासाठी जे काम अपूर्णविराम करतो, तेच हे शब्द मागून करतात. ज्या वाक्यात यादीच्या शेवटी असा शब्द आला आहे, तिथे सुरुवातीला टिंबे देण्याचा मोह झाला तरी आवरावा.

आता टिंबांपुढच्या रेघेविषयी. मोडी कागदांत आजच्यासारखी विरामचिन्हे नसत, शब्दही सलग लिहिले जात. पोथ्यांमध्ये दंड असे, तोही मुख्यतः पद्यात. तरीही त्या दप्तरांत याद्या भरपूर आहेत आणि त्या वाचताना अडत नाही, कारण “तपशील” किंवा “येणेप्रमाणे” असा शब्द घालून यादी सुरू केलेली असे. आजच्या “पुढीलप्रमाणे” आणि “खालीलप्रमाणे” या शब्दांत तीच जुनी सवय टिकून आहे. स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम ही चिन्हे एकोणिसाव्या शतकात छपाईबरोबर इंग्रजीतून आली आणि ती मराठीत रुळवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशात मोल्सवर्थ यांना साहाय्य करणारे आणि १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश पुरा करणारे ते हेच. टिंबांपुढे रेघ ओढण्याची रीत त्या काळच्या इंग्रजी छपाईतही होती. इंग्रजीने ती सोडली, आपल्या अर्जांनी मात्र धरून ठेवली. रेघेने अर्थात काहीही भर पडत नाही. कार्यालयाचा ठरलेला नमुना असेल आणि त्यात ती असेल, तर वाद घालत बसू नये. स्वतः लिहिताना नुसती टिंबे पुरेत. मराठी साहित्य महामंडळाच्या १८ नियमांत याचे उत्तर शोधणारेही भेटतात, पण त्या नियमांचा विषय अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि शब्दांची रूपे हा आहे. यादीच्या खुणा त्यात नाहीत. येथे रूढी आणि अर्थाची सोय पाहूनच ठरवावे लागते.

जागेचा प्रश्न दिसतो त्याहून महत्त्वाचा आहे, कारण मराठीत या चिन्हाचा एक जुळा भाऊ आहे : विसर्ग. “स्वतः”, “दुःख”, “अंतःकरण” यांतील दोन टिंबे हे अक्षराचा भाग असलेले चिन्ह आहे आणि अपूर्णविराम हे वाक्याचे चिन्ह आहे. कागदावर दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन निरनिराळी चिन्हे आहेत. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या कळफलकावर जी कळ इंग्रजीत अपूर्णविराम देते, तिच्यावर च आणि छ बसवले आहेत. विसर्ग मात्र शिफ्ट दाबून आडव्या रेघेच्या कळीवर हाताशी आहे. साहजिकच घाईत टंकणारा अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग ठोकून देतो आणि “विषयः”, “दिनांकः”, “स्थळः” असे शब्द तयार होतात. संस्कृतच्या शिक्षकाला त्यातला “विषयः” प्रथमा एकवचन म्हणून शुद्ध वाटेल. “स्थळः” पाहून मात्र तोही हात टेकेल. इंग्रजी अक्षरे दाबून मराठी उमटवणाऱ्यांकडून याच्या उलट होते : त्यांना अपूर्णविराम सहज मिळतो, म्हणून ते “दु:ख” आणि “नि:शुल्क” यांत विसर्गाऐवजी तो घालतात. वाचणाऱ्याला फरक कळत नाही. पण पुढे कधी शंभर ठरावांमधून “निःशुल्क” हा शब्द संगणकावर शोधायचा झाला, की चुकीच्या टिंबांचा शब्द सापडत नाही.

मराठी छपाईत अपूर्णविरामाच्या आधी थोडी जागा सोडण्याची जी रीत आहे, तिचे मला पटणारे कारण हेच आहे. शब्दाला चिकटलेली टिंबे विसर्गासारखी वाचली जातात, सुटी टिंबे तशी वाचली जात नाहीत. म्हणून मी “विषय :” असेच लिहितो. आधी एक जागा, नंतर एक जागा. इंग्रजीची सवय असलेले काही संपादक आधीची जागा काढून टाकतात. एका पुस्तकात सर्वत्र एकच पद्धत असेल, तर त्यांच्याशी मी भांडत नाही. आधी जागा सोडण्याचा एक तोटा सांगायला हवा : ओळ संपत आली असेल, तर टिंबे एकटीच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन पडतात. वर्डमध्ये साध्या जागेऐवजी कंट्रोल आणि शिफ्ट धरून स्पेसची कळ दाबली, की न तुटणारी जागा मिळते आणि टिंबे शब्दासोबतच राहतात. प्रमाण लिहिताना मात्र (“२:१”) दोन्हीकडच्या जागा काढून टाकाव्यात.

यादीच्या आतल्या खुणांपैकी स्वल्पविराम सर्वांना येतो. मराठीत “आणि” किंवा “व” यांच्या आधी तो सहसा देत नाहीत : “जळगाव, धुळे व नंदुरबार”. यादीतील एखाद्या घटकातच “आणि” आला, तर मात्र गोंधळ होतो. “शेवभाजी, वरण आणि बट्टी, कळण्याची भाकरी आणि ठेचा आणि भरीत” यात किती पदार्थ आहेत हे खानदेशी माणसाला चवीवरून कळेल, वाक्यावरून नाही. शेवटच्या “आणि”पूर्वी स्वल्पविराम द्यावा, किंवा त्याहून चांगले म्हणजे जोड्या संयोगचिन्हाने बांधाव्यात : “शेवभाजी, वरण-बट्टी, भाकरी-ठेचा आणि भरीत”.

अर्धविरामाकडे मात्र लोक उगाच पाठ फिरवतात. यादीच्या पोटात आणखी याद्या असतील, तर त्याच्याशिवाय गती नाही. “शिबिरे जळगाव जिल्ह्यात चोपडा, यावल व रावेर; धुळे जिल्ह्यात शिरपूर व साक्री; आणि नंदुरबार जिल्ह्यात शहादा, तळोदा व अक्कलकुवा येथे होतील.” या वाक्यातील अर्धविराम काढून सगळीकडे स्वल्पविराम घाला आणि तिन्ही जिल्ह्यांबाहेरच्या माणसाला वाचायला द्या; साक्री कोणत्या जिल्ह्यात हे त्याला दोनदा वाचावे लागेल. लग्न ठरवताना बसून जी खर्चाची यादी करतात, तिच्यातही हेच. “मंडप, जेवण वरपक्ष, पत्रिका, वाजंत्री वधूपक्ष” एवढेच लिहिलेला कागद मी पाहिला आहे. त्यातून वरपक्षाकडे मंडप आणि जेवण आले, की पत्रिका आणि वाजंत्री, हे दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने वाचता येते. “वरपक्षाकडे : मंडप, जेवण; वधूपक्षाकडे : पत्रिका, वाजंत्री.” तेच सहा शब्द, पण आता मामांना मध्ये पडावे लागत नाही.

एक गोष्ट विरामचिन्हांनी साधत नाही, ती शब्दांनीच साधावी लागते. “पत्त्याचा पुरावा : रेशनकार्ड, वीजबिल, घरपट्टीची पावती” या यादीतील तिन्ही कागद हवेत, की कोणताही एक? स्वल्पविराम हे सांगत नाही. खेड्यावरून मजुरी बुडवून तालुक्याला आलेला माणूस एकच कागद घेऊन येतो आणि परत पाठवला जातो, किंवा तिन्हींच्या प्रती काढण्यात पैसे घालवतो. म्हणून यादीच्या आधीच्या वाक्यातच “पुढीलपैकी कोणताही एक” किंवा “पुढील सर्व” असे स्पष्ट लिहावे. यादी मोठी असली तर शेवटून दुसऱ्या मुद्द्यानंतर “किंवा” अथवा “आणि” लिहिण्याची कायद्याच्या मसुद्यांतील रीत चांगली आहे, पण सामान्य वाचक शेवटपर्यंत पोहोचण्याआधीच ठरवून मोकळा होतो.

मुद्द्यांच्या शेवटी काय द्यावे? मुद्दे पूर्ण वाक्ये असतील, तर प्रत्येकाच्या शेवटी पूर्णविराम. ते नुसते शब्द किंवा वाक्यांश असतील आणि प्रत्येक स्वतंत्र ओळीवर असेल, तर काहीही देऊ नये. ओळ संपली हीच खूण पुरते. सलग लिहिले असतील, तर मध्ये स्वल्पविराम किंवा अर्धविराम आणि शेवटी पूर्णविराम. ताईंच्या नमुन्यात एका मुद्द्याला पूर्णविराम, दुसऱ्याला स्वल्पविराम, तिसऱ्याला पुन्हा पूर्णविराम आहे आणि याचे मूळ चिन्हांत नसून मुद्द्यांच्या घडणीत आहे : “कायम करणे”, “वसुली”, “देण्याबाबत”, “साफसफाई” हे चार मुद्दे तीन साच्यांतले आहेत. सगळे एका साच्यात आणले, की चिन्हांचा प्रश्न निम्म्याहून अधिक आपोआप सुटतो.

क्रमांकानंतर टिंब द्यावे की कंस, यावर माझे मत ठाम आहे आणि त्याची किंमत मी मोजली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गावी हरिनाम सप्ताहाच्या भंडाऱ्यासाठी सामानाची यादी मीच टंकून दिली. पंगतीला वरण-बट्टी होती. यादीतील दुसरी ओळ “२. ५ डबे तूप” अशी होती, म्हणजे दुसरा मुद्दा आणि पाच डबे. छापताना टिंबानंतरची जागा दाबली गेली आणि ती ओळ “२.५ डबे तूप” अशी उमटली. किराण्याच्या दुकानदाराला वरखालच्या ओळी पाहून अर्थ लागला असता, पण तूप दुसरीकडून आणायचे होते, म्हणून एका कार्यकर्त्याने तेवढीच ओळ मोबाइलवर वाचून दाखवली : “अडीच डबे तूप.” अडीचच डबे आले. दुसऱ्या पंगतीपासून बट्टी कोरडी पडू लागली, तेव्हा मी यादीचा कागद मागवून पाहिला आणि गप्प बसलो. तेव्हापासून क्रमांकानंतर मी कंसच देतो : “२) ५ डबे तूप”. मजकूर आकड्याने सुरू होत असेल, तर वस्तू आधी आणि परिमाण नंतर लिहावे हे त्याहून उत्तम : “२) तूप – ५ डबे”. पोटमुद्द्यांसाठी “अ, आ, इ, ई” घ्या किंवा “क, ख, ग, घ” घ्या; “अ, ब, क, ड” हा इंग्रजी क्रमाचा उतारा असला तरी आता सर्वांच्या अंगवळणी पडला आहे. एकाच कागदात मात्र दोन क्रम वापरू नयेत.

“इत्यादी” आणि “वगैरे” यांच्या आधी “आणि” लागत नाही, कारण “आदी” या शब्दातच “आणि तसेच इतर” हा अर्थ आहे. “उदा.” लिहिले की तिथले टिंब संक्षेपाचे असते, पुढे पुन्हा अपूर्णविराम नको, आणि “उदा.” ने सुरू केलेल्या यादीच्या शेवटी “इत्यादी” देखील नको, कारण उदाहरणे म्हटल्यावर सगळी दिली नाहीत हे उघडच आहे. “जसे की” हा हिंदीचा पायगुण आहे, “जसे” पुरते. सभेच्या सूचनेत तर “इ.” अजिबात चालणार नाही, कारण कोणत्या विषयांवर चर्चा होणार हे ग्रामस्थांना आधी कळावे यासाठीच ती सूचना असते. न ठरलेल्या विषयांसाठी रूढ शब्दरचना आहे, तीच वापरावी.

या सगळ्याप्रमाणे ताईंचा मजकूर असा होईल :

ग्रामसभेत पुढील विषयांवर चर्चा करण्यात येईल :
१) मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे
२) पाणीपट्टीच्या वसुलीचा आढावा घेणे
३) घरकुलाच्या यादीस मंजुरी देणे
४) गावातील नाल्यांची साफसफाई करणे
५) अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर विचार करणे

फळ्यावर लिहायला किंवा दवंडीसारखी मोबाइलवर पाठवायला सलग मजकूर हवा असेल, तर क्रमांक आणि अपूर्णविराम दोन्ही काढून यादी वाक्याच्या पोटात घ्यावी : “मागील सभेचे इतिवृत्त, पाणीपट्टीची वसुली, घरकुलाची यादी, नाल्यांची साफसफाई आणि ऐनवेळचे विषय यांवर ग्रामसभेत चर्चा करण्यात येईल.” विषय चार-पाचांहून अधिक झाले, की ही दुसरी रचना वाचणाऱ्याची दमछाक करते, तेव्हा पहिलीच घ्यावी, आणि “विषयांवर चर्चा करण्यात येईल” हे शब्द यादीच्या खाली पुन्हा आलेले नाहीत ना, हे छापण्यापूर्वी एकदा पाहावे.